हंड्याची पाटी

विंझरच्या जुन्या चावडीत कोंडिबानं गावातल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय मांडलं आणि दाराशीच रतनबाईचं जातं ठेवलं. वर पाटी, 'भेट : रतनबाई'. तेव्हापासून तिच्या धाकट्या जावेच्या, भागूबाईच्या घशाखाली घास उतरेना.

दुसऱ्याच दिवशी ती कंदील घेऊन हजर.

"सात हायेत, वैनी," कोंडिबा म्हणाला. जन्मभर एसटीत कंडक्टर होता, नाही म्हणायला कचरत नसे.

मग तिनं मुसळ आणलं. ते दाराआड गेलं.

"हितं कोन बघतंय त्याला?"

"मग मोठं काय तरी आणा की."

भागूबाईनं घरी जाऊन न्हाणीच्या चुलीवरचा तांब्याचा हंडाच उतरवला. काजळीनं म्हशीसारखा काळा. न्हाणीत तिचा नवरा सावळाराम अंगाला साबण लावून बसलेला.

"अगं, पानी!"

"हिरीवर जावा!"

हंडा जात्याच्या बरोब्बर पुढं बसला.

"आता पाटी अशी काढा, की जातं दिसलं न्हाई पायजे."

"आदी घासू तर द्या."

कोंडिबानं चिंच-मीठ लावून घासला. काजळी निघाली, आणि खालून ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. त्यानं मोठ्यानं वाचलं, "चि. रतनबाईस लग्नात मामाकडून."

जातं पुसायला आलेली रतनबाई फडक्यासकट उठली.

"माझा हंडा! घरं येगळी झाली त्या दिशी गेलेला! आन म्या आळ घेतला पावण्यांवर!"

"चुकून आला आसंल, जाऊबाई."

"चुकून? सोताच्या पायानं येऊन चुलीवर बसला व्हय?"

"मग न्या जावा तुमचा तुमी!"

"आता त्यो संग्रहालयाचा," कोंडिबा म्हणाला. "पाटी तेवढी खरी लिवनार."

आणि लिहिली, 'हंडा रतनबाईचा. तीस वर्षं लपवला भागूबाईनं.'

भागूबाई दोन दिवस घराबाहेर पडली नाही. रविवारी भोरहून कॉलेजच्या मुली आल्या. जात्याकडं एकीनंही पाहिलं नाही. पाटी वाचून सगळ्या खिदळल्या, भागूबाईला घरातून ओढून आणलं, हंड्याशेजारी उभं करून मोबाईलवर फोटो काढले. भागूबाईनं पदर सारखा केला.

"तीस न्हाई, पोरींनो. एकतीस."

सोमवारी कोंडिबा कुलूप काढायला आला, तर रतनबाई आधीच पायरीवर. पदराखालून तिनं पितळी परात काढली.

"भागीच्या रुखवतातली हाये. पस्तीस वर्सं लपवलीया म्या. पाटी जरा मोठी काढा, भावजी."