नवव्या खुंटीची मोहीम

सकल एलप्रेमी, पाईभक्त आणि चिखलतुडव्या मंडळींस विदित व्हावे की, परगणे श्रॉपशायर, मौजे लिटल वेंडन येथील 'काळा मेंढा' नामे पुरातन पबात ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जे प्रकरण जाहले, त्याची हकीकत ज्याने त्याने आपल्या मर्जीप्रमाणे फिरवून सांगितली आणि पोस्टाच्या खिडकीशी तर तिची पार खिचडी जाहली. सबब ज्या इसमाने शेवटचा सारा मामला खिडकीजवळच्या बाकावर बसून, हाती अर्धा पाइंट धरून, उघड्या डोळ्यांनी पाहिला, आणि वाटेतला मजकूर सौभाग्यवती बेरिल यांच्या मुखातून ऐकिला, त्याने पदरचा मीठमसाला न घालता, घातलाच तर चवीपुरता घालून, हे कलम धरिले आहे.

मोहिमेचे सेनापती राजश्री डेस्मंड पार्जिटर, पूर्वाश्रमीचे भूगोलमास्तर, उंचीने ताडमाड, स्वभावे गरीब. अकरा वर्षांमागे नोकरी संपवून कॉव्हेंट्री शहरातून पत्नी बेरिल यांसह या मौज्यात येऊन राहिले, आणि त्या दिवसापासून गावाची चाकरी इमानेइतबारे केली. पबाच्या मागल्या पडवीचे छप्पर गळत होते ते शाकारिले, बर्फात मालकीणबाईंची गाडी रुतली ती खांदा देऊन काढिली, आणि दर गुरुवारी प्रश्नमंजुषेचे प्रश्न वाचून दाखविले. इतुके करोनही गावात त्यांस अद्याप 'नवा माणूस' म्हणत. नवा माणूस आला, नवा माणूस गेला, नव्या माणसाने छत्री विसरली. अकरा वर्षे म्हणजे काय थोडी?

यात खाशांच्या, म्हणजे आमच्या डेस्मंडरावांच्या, जिवास लागलेली गोष्ट एकच होती. 'काळ्या मेंढ्या'च्या गल्ल्यावरील काळ्याभोर तुळईस अकरा खुंट्या आहेत, आणि प्रत्येक खुंटीस एकेका जुन्या असामीचा कथलाचा पेला टांगिलेला असतो. ती असामी दारात दिसताच मालकीणबाई न विचारता तो पेला उतरवून त्यात एल, म्हणजे इकडली तांबूस बिअर, भरितात, बाकी सर्व प्रजेने काचेच्या पेल्यात प्यावे. ही खुंटी विकत मिळत नाही, आणि मागितली तर मुळीच मिळत नाही. एका निवृत्त कर्नलसाहेबांनी ती तोंड उघडून मागितली, तर सात वर्षे त्यांच्याशी कोणी हवापाण्यापलीकडे बोलले नाही, आणि हवापाण्यावरही रुक्षच बोलले. नववी खुंटी दोन सालांपासून रिकामी होती, कारण तिचे धनी पोस्टमन नॉर्मन हे लेकीकडे स्पेन मुलखी राहावयास गेले. खासे दर शनिवारी त्या खुंटीकडे पाहात, आणि कोणी पाहिलेसे वाटताच छताकडे पाहू लागत.

तंव त्या शनिवारी मेहुणे राजश्री क्लाइव्ह, बेरिलबाईंचे धाकटे बंधू, बर्मिंगहॅमहून पाहुणे आले आणि आल्या पावली त्यांनी मर्मी घाव घातला.

"काय रे डेस, मिळाली का तुझी ती खुंटी?"

"कसली खुंटी?" खासे बुटांची नाडी बांधीत बोलले.

"अकरा वर्षं! एवढ्यात खुनी माणूससुद्धा सुटून घरी येतो, आणि तू अजून नवाच?"

"क्लाइव्ह, गप्प बस," बेरिलबाईंनी हुकूम फर्माविला, "आणि डेस, तू ते बूट दाराबाहेर घाल. आत्ताच पुसलंय मी."

मग मसलत बसली. मालकीणबाई ग्लेनिस बेडोझ यांच्या मुदपाकखान्यातील बीफ आणि एल यांची पाई, जिचे वरले कवच सोन्यासारिखे आणि आतला रस्सा काळाभोर, ती खाण्याचे ठरले. पाई थोड्याच होतात, त्या राखून ठेवण्याचा रिवाज नाही, आणि मुदपाकखाना दोन वाजता बंद होतो तो खुद्द बिशप दारी आला तरी उघडत नाही. आता यातील मौज ऐकावी. पार्जिटरांच्या दारापासून 'काळा मेंढा' दोनशे पावलांवर आहे, रस्ता ओलांडला की जाहले. परंतु भूक कमाविल्यावाचून पाई खाणे हे या मुलखी हरामखोरीत जमा, सबब डोंगरास वळसा घालून सात मैल चालून त्या दोनशे पावलांवर पोहोचावे, ऐसा बेत सर्वांनुमते मंजूर जाहला. शहाणी माणसे हो सगळी, आणि कोणासही हसू आले नाही.

साडेदहास कूच जाहले. पाऊस म्हणावा तर नाही, नाही म्हणावे तर अंग ओले, ऐसा तो दिवस, आणि चिखल घोट्यापर्यंत. खाशांच्या पाठीवरल्या पिशवीत पावलागणिक ठक ठक ऐसा नाद होत होता.

"काय वाजतंय रे ते?" क्लाइव्हनी विचारिले.

"थर्मास."

"थर्मास असा वाजतो?"

"जुना आहे," खासे म्हणाले, आणि चाल वाढविली.

साडेतीन मैलांवर 'नांगर' नामे दुसरा पब लागला आणि तेथे मोहिमेवर पहिले अरिष्ट कोसळले. क्लाइव्हनी म्हटले, अर्धाच घेऊ, घसा ओला करू आणि निघू. मग तिघांसाठी त्यांनी आणिले. आता एकाने पाजिले आणि दुसरा तसाच उठला, तर त्याचे नाव सात परगण्यांत खराब होते, म्हणोन खाशांनी आणिले. मग निघावे तर बेरिलबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, "म्हणजे मीच काय ती फुकटी?" म्हणोन त्यांनीही आणिले. ऐसे अर्ध्याचे दीड जाहले आणि बाहेर येऊन पाहतात तो पाऊण वाजून गेलेला. साडेतीन मैलांची मजल आणि सव्वा तास. खाशांचा चेहरा उतरला, कारण उशिरा पोहोचून बंद मुदपाकखान्याच्या दारी उभे राहाणे हे नव्या माणसाचे लक्षण, आणि तेही मेहुण्यांच्या देखत.

मग मोठी दौड जाहली. कुंपणावरील लाकडी पायऱ्या ओलांडताना क्लाइव्हांची विजार गुडघ्यावर फाटली. पुढे एका शेतात मधोमध एक वळू बसला होता, आणि मागे फिरावे तर वेळ नाही. तेव्हा खाशांनी आज्ञा केली की, कोणी पळू नये, कोणी त्याच्या डोळ्यास डोळा देऊ नये, झाडोऱ्याच्या कडेकडेने निघावे. तिघे चोरपावली निघाले, आणि वळूने नुसती मान वळविली, तो क्लाइव्ह टोपी काढून बोलून गेले, "माफ करा हं, आम्ही फक्त इथून जातोय." वळूने माफ केले. बेरिलबाईंना ऐसे हसू लोटले की त्या फाटकापाशी बसूनच राहिल्या, आणि त्यांस दोघांनी काखेत हात घालून उठविले.

येणेप्रमाणे धापा टाकीत, चिखलाने माखलेली फौज 'काळ्या मेंढ्या'च्या दारी आली, दारातल्या लोखंडी पट्टीवर बूट खरवडून आत शिरली, आणि समोरल्या भिंतीवरील घड्याळात पाहाते तो दोन वाजून तीन मिनिटे. क्लाइव्हनी खुर्चीत अंग टाकिले.

"संपलं! सात मैल चाललो, वळूची माफी मागितली, कशासाठी? चिप्सच्या पुड्यासाठी?"

खासे मात्र त्या दिवसात प्रथमच हसले. "हे घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं."

"तुला काय माहीत?"

"म्हणजे? इथल्या सगळ्यांना माहीत आहे."

हे वाक्य खासे सहज बोलून गेले, परंतु गल्ल्याच्या टोकास काठीवर हनुवटी टेकून बसलेल्या एका असामीने तेव्हा एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. ती असामी म्हणजे एमस प्रीस, वय वर्षे ब्याऐंशी, जन्माने मेंढपाळ, पहिल्या खुंटीचे मालक. त्यांचा शब्द या पबात सनदेसारिखा चालतो, आणि ते शब्द फार थोडे काढितात. अकरा वर्षांत खाशांशी त्यांनी मान हलविण्यापलीकडे व्यवहार केला नव्हता.

गल्ल्यामागील पाटीवर खडूने लिहिले होते, पाई तीन. फौजही तीन. ईश्वराने हिशेब जुळविला ऐसे वाटून बेरिलबाईंनी डोळे मिटून हुश्श केले. ग्लेनिसबाई फडक्यास हात पुशीत पुढे आल्या आणि त्यांनी तो सवाल टाकिला जो या मुलखातील सर्वांत कठीण सवाल आहे.

"हं, पुढचं कोण?"

आता येथील कायदा ऐसा. पबात रांग डोळ्यांस दिसत नाही, तरी ती असते आणि प्रत्येकास आपली जागा ठाऊक असते. कोणी हाक मारू नये, हात हालवू नये, खाकरूही नये, नुसते गल्ल्याशी उभे राहून आपला नंबर येईतो वाट पाहावी. खाशांनी एमसरावांकडे पाहिले. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले, पेला रिता, आणि पेल्याच्या आत फेस वाळून चिकटलेला, म्हणजे बराच वेळ रिता. ग्लेनिसबाईंस वाटले ते डुलकी घेत आहेत. परंतु गल्ल्याशी पहिले ते होते, यात संशय नव्हता. आणि त्यांनी पाई मागितली तर उरणार दोन.

खाशांच्या पोटात कावळे कोकलत होते, पाठीस मेहुण्यांचा श्वास लागत होता, आणि गप्प राहिले असते तर या कानाचे त्या कानास कळले नसते. त्यांनी एकवार पाटीकडे पाहिले. मग म्हणाले, "एमस माझ्या आधी आहेत."

"अरे, तो झोपलाय!" क्लाइव्ह कानाशी फिस्कारले.

"कोण झोपलंय?" एमसरावांनी डोळे उघडिले. "सव्वा वाजल्यापासून थांबलोय मी."

"मग तोंडाने बोलायला काय झालं होतं?" ग्लेनिसबाई कडाडल्या.

"बोलायचं? आपण कधी बोललोय?" म्हातारबा खरोखरच दुखावले. मग त्यांनी सावकाश, एकेक शब्द तोलून, फर्माविले की पाई द्यावी, वाटाणे द्यावे, बटाटे जास्त द्यावे आणि रस्सा वेगळ्या भांड्यात द्यावा. ग्लेनिसबाईंनी पाटीवरील तीन पुसून दोन केले.

मग खाशांनी दोन पाई मागितल्या, एक बेरिलबाईंस, एक पाहुण्यांस, आणि स्वतःसाठी सिरक्यात मुरविलेले एक अंडे मागितले. क्लाइव्हनी कपाळास हात लाविला आणि म्हणाले, याचा भलेपणा म्हणजे डोक्याला ताप आहे नुसता. बेरिलबाईंनी आपली अर्धी पाई नवऱ्यापुढे केली, खाशांनी नको म्हटले, त्यांनी पुन्हा पुढे केली, खाशांनी पुन्हा नको म्हटले, आणि तिसऱ्यांदा या मुलखी कोणी विचारीत नाही, म्हणोन बाईंनी ती खाल्ली. चर्चच्या मनोऱ्यात दोनाचे ठोके पडले, मुदपाकखान्याचे दार लागले. खासे काचेच्या पेल्यातून एल पीत अंड्याकडे पाहात बसले, आणि सवयीने नजर वर तुळईकडे गेली.

एमसराव अर्धी पाई खाऊन थांबले. मग त्यांनी काटा उचलून तुळईकडे रोखिला, आणि काट्यास वाटाणा होता.

"ग्लेनिस, ती नववी खुंटी काय शोभेला ठेवलीय?"

"नॉर्मनची आहे ती."

"नॉर्मन पडलाय तिकडे उन्हात पाय पसरून. येतोय कशाला तो आता. दे याला."

"कोणाला?"

"कोणाला काय? डेस्मंडला."

अकरा वर्षांत प्रथमच त्या तोंडून ते नाव आले होते, आणि लिहिणाराच्या हातचा अर्धा पाइंट तसाच हातात राहिला. ग्लेनिसबाईंनी खाशांकडे पाहिले, गालात हसल्या आणि म्हणाल्या, "ऐकलंस ना, राजा? पुढच्या शनिवारी तुझा पेला घेऊन ये."

खासे कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल जाहले. पिशवी पुढे घेतली, तिच्या तळाशी हात घातला आणि एक लोकरी मोजा बाहेर काढिला. मोज्यात कथलाचा पेला होता, घासून आरशासारिखा केलेला.

"आणलाय," ते हळूच म्हणाले.

"थर्मास!" क्लाइव्ह ओरडले.

"डेस! हा तर मी तुला रिटायर झालास तेव्हा दिलेला!" बेरिलबाई उठून उभ्या राहिल्या. "हरवला म्हणालास! सगळी कपाटं उपसली मी त्याच्यासाठी!"

"हरवला नव्हता. असायचा पिशवीत."

"कधीपासून?"

"दर शनिवारी. म्हटलं, न जाणो."

अकरा वर्षांचे शनिवार किती होतात ते वाचणारांनीच मोजावे, लिहिणारास ते मोजवेना. बेरिलबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी नवऱ्याच्या पाठीत एक धपका घातला. ग्लेनिसबाईंनी पेला हाती घेतला, फडक्याने पुसला, पुसण्यासारिखे त्यात काही नव्हते तरी पुसला, आणि पंप तीन वेळा ओढून एल काठोकाठ भरिली. खासे उभे राहून प्याले. क्लाइव्ह चेष्टा करण्यास उठले होते ते तसेच टाळ्या वाजवू लागले, आणि एमसराव रश्श्याचे भांडे पुशीत म्हणाले, "बस आता खाली डेस्मंड, उजेड अडतोय."

येणेप्रमाणे 'काळ्या मेंढ्या'च्या नवव्या खुंटीवर राजश्री डेस्मंड पार्जिटर यांचा अंमल कायम जाहला, तो वंशपरंपरा नव्हे, परंतु त्यांच्या हयातीपर्यंत खास. साक्ष एमस प्रीस, साक्ष ग्लेनिस बेडोझ, साक्ष लिहिणार. त्यानंतर विजयी फौज दोनशे पावले चालून सुखरूप घरी पोहोचली. अंडे ताटलीत तसेच राहिले होते, आणि खासे सात मैल चालून उपाशी आहेत, हे रात्रीच्या जेवणापर्यंत कोणाच्या ध्यानी आले नाही, खुद्द खाशांच्याही नाही.