मांजराच्या आत्म्याची जागा

"तुमच्या सिनेमातल्या आईला नाव का नाही?"

हा प्रश्न खरं तर सो-दामचा नव्हताच. दा-ओन आणि ये-जू या तिच्या दोन मैत्रिणींनी शाळेच्या जेवणघरात मुळ्याच्या किमचीवरून भांडता भांडता तो शोधून काढला होता आणि सरळ तिच्या ताटात वाढला होता.

"हिंमत असेल तर शनिवारी दिग्दर्शिकेला हेच विचार," दा-ओन म्हणाली. "तोंडावर."

"त्यात काय मोठंसं," सो-दाम म्हणाली. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही तिचा आवाज फुटत नसे. यंदा तो एकदा जो फुटला, तो आता बंद व्हायचं नाव घेत नव्हता.

'मिठागराची बाई' हा उम हे-इन नावाच्या दिग्दर्शिकेचा सिनेमा होता. नायिका पन्नाशीची एक आई, मीठ ओढणारी, जाहिरातीतही नाव नसलेली, आणि शेवटपर्यंत तिला वाचवायला कुणी येत नाही. असला सिनेमा थिएटरात जेमतेम टिकतो. मोक्पो या त्यांच्या बंदरगावातल्या छोट्या थिएटरात शनिवारी त्याचा शेवटचा खेळ होता आणि खेळानंतर दिग्दर्शिका स्वतः गप्पा मारायला येणार होती. शाळेच्या सिनेमा मंडळाच्या मेंग बाईंनी तर जाहीरच करून टाकलं, "जिचा प्रश्न दिग्दर्शिकेला खरंच विचारात पाडेल, मंडळाचा यंदाचा सिनेमा ती करणार."

सो-दामला तो सिनेमा करायचाच होता. इतका, की दात घासतानाही ती आरशाला 'कट' म्हणायची. आड येत होती फक्त मंडळातली ते-रिन.

ते-रिनचं कधी काही चुकत नसे, आणि सो-दामच्या मते हाच तिचा सगळ्यात मोठा दोष होता. बंदरावरच्या वाऱ्यातही तिच्या कपाळावरची झुलपं जागची हलत नसत. बाई बोलत असल्या की ती समजूतदारपणे मान डोलवायची. सो-दामनेही एकदा तशी डोलवून पाहिली, तर बाईंनी विचारलं, "मान अवघडलीये का गं?"

मंगळवारी ते-रिनने मंडळाच्या ग्रुपवर एका जादा तिकिटाचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'हा माझा आत्मा पाठवला.'

आत्मा पाठवायचा म्हणजे तिकीट काढायचं आणि जायचं नाही. देह शिकवणीला, आत्मा सिनेमाला. बायकांनी केलेला सिनेमा रिकाम्या खुर्च्यांपायी उतरवला जाऊ नये म्हणून कितीतरी जणी असं करतात, आणि त्याचं कौतुकही होतं. ते-रिनचं झालंच. ग्रुपवर नुसते बदाम आणि बदाम.

सो-दामने त्याच संध्याकाळी दोन आत्मे पाठवले. ते-रिनने तीन. सो-दामने मग नववर्षाला मिळालेल्या पैशांची जपून ठेवलेली पाकिटं फोडली. स्वतःचे आत्मे पाठवून झाल्यावर तिने आजोबांचा पाठवला, सेऊलच्या आत्याचा पाठवला, आणि कुणीच उरलं नाही तेव्हा मांजराचाही पाठवला. ही चुरस कुणीतरी इंटरनेटवर टाकली. मग काय, बुसानपासून सेऊलपर्यंतच्या बायकांना उमाळा आला आणि गुरुवारी तिकिटं संपली.

"आता आम्ही कुठे बसायचं?" दा-ओनने विचारलं. "आम्हाला देहाचं तिकीटच मिळेना."

"तू मांजराच्या जागेवर बस," सो-दाम उदारपणे म्हणाली. "ये-जू, तू आजोबांच्या."

शनिवारी थिएटरच्या दारात मॅनेजरकाका कोट घालून उभे होते. 'हाऊसफुल्ल' लिहिलेला कागद त्यांनी स्वतः चिकटवला होता, किंचित वाकडा. सो-दाम दारापाशी मनातल्या मनात प्रश्न घोकत होती, एवढ्यात तिकिटाच्या खिडकीशी गलका ऐकू आला.

पोहण्याच्या तलावावर रोज सकाळी पाण्यात कवायत करणाऱ्या मावश्यांचा अख्खा ताफा तिथे उभा होता. सगळ्यात पुढे, जांभळं जाकीट घालून आणि हातात संत्र्यांची पिशवी घेऊन, सो-दामची आई.

"एकसुद्धा तिकीट नाही?" आई विचारत होती.

"नाही हो काकू. हाऊसफुल्ल."

एका मावशीने पडदा सारून आत डोकावलं. "आत तर चिटपाखरू नाही."

"आत्मे आहेत," मॅनेजरकाका अदबीने म्हणाले.

"कुणाचे?"

"ज्यांनी तिकिटं काढली, त्या मुलींचे."

"अगं बाई. काय झालं त्यांना?"

"काही नाही. शिकवणीला गेल्यात."

मावश्या एकमेकींकडे पाहू लागल्या. आई हळूच म्हणाली, "मी मिठागरावरच वाढले हो. माझी आई मीठच ओढायची. म्हटलं, पडद्यावर आपल्यासारखी बाई दाखवतायत तर बघून यावं. दुकान बंद करून आलेय."

हे आईने घरी कधी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलंही असेल, आणि तेव्हा सो-दाम आरशाशी बोलत असेल.

सो-दामने फोनवर हात ठेवला. तिच्याकडे चांगल्या मूठभर जागा होत्या. पण मेंग बाई शेजारीच उभ्या होत्या, आणि नायिकेसारख्याच बायकांच्या खुर्च्या आपण मांजराच्या नावाने अडवल्या हे त्यांच्यासमोर कबूल करायचं म्हणजे... तिचा विचार संपेपर्यंत ते-रिन पुढे झालीसुद्धा.

"काकू, माझ्या आत्म्यांच्या जागा घ्या ना," ती म्हणाली, आणि तिने आईला आणखी काहीतरी हळूच विचारलं. आईने तोंडावर हात धरला, शाळकरी मुलीसारखी हसली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

"माझ्याकडेपण आहेत जागा," सो-दाम ओरडली. "मांजराची दा-ओनला दिलीये, पण आत्याची आहे!" तिच्या जागांवर बाकीच्या मावश्या बसल्या. आई मात्र तिच्या पुढच्याच रांगेत बसली, ते-रिनला खेटून.

सिनेमा सो-दामने पाहिला असं म्हणता येणार नाही. तिने पुढच्या रांगेतली दोन डोकी पाहिली. आई संत्रं सोलत होती. नुसतं सोलत नव्हती, एकेका फोडीवरचे पांढरे धागे काढत होती आणि फोड ते-रिनच्या हातावर ठेवत होती. घरी सो-दामला संत्रं फक्त सोलून मिळायचं. धागे तिचे तिने काढायचे.

पडद्यावर बाई मीठ ओढत होती. "अगं, कंबरेतून नको, पायांवर जोर दे," मागून एक मावशी तिला सांगत होत्या. सो-दामला त्या बाईपेक्षा स्वतःचीच जास्त दया येत होती.

दिवे लागले. दिग्दर्शिका समोर येऊन बसली. ते-रिनचा हात वर गेला, तोही किती सरळ. सो-दामने हात वर करण्याच्या भानगडीत न पडता सरळ माइक ओढून घेतला.

"तुमच्या सिनेमातल्या आईला नाव का नाही?"

दिग्दर्शिका बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली.

"मला हे कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "मी माझ्या आईवरच लिहिला हा सिनेमा. तिला सगळे 'हे-इनची आई' म्हणायचे. आणि मी लिहायला बसले तेव्हा मीही तेच..."

विचारात पडली. चक्क पडली. मेंग बाई मान डोलवत होत्या. सो-दामने विजयी नजरेने पुढच्या रांगेकडे पाहिलं. नेमक्या त्याच क्षणी आईने धागे काढलेली एक फोड थेट ते-रिनच्या तोंडात घातली.

"तुझ्या आईचं नाव काय गं?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"सो-दामची आई," सो-दाम माइकमध्ये म्हणाली.

"आणि सो-दाम कोण?"

"मी."

मावश्या खो-खो हसल्या. नाव तिला येत नव्हतं असं नाही. पण बाजारात, बसमध्ये, तलावावर आई 'सो-दामची आई' होती. किमची-लोणच्यांच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा 'सो-दामचं घर' होतं. त्यात ती फोड अजून डोळ्यांसमोर होती. जिभेला सवयीचं होतं तेच बाहेर पडलं.

"यांग मी-रान," ते-रिन फोड गिळत म्हणाली. "मी-रान काकूंचं नाव यांग मी-रान आहे. आणि त्यांना काहीतरी बोलायचंय."

आई उठली. माइक तिने ताटलीसारखा दोन्ही हातांत धरला. "सिनेमा छान आहे हो. अगदी खरा. फक्त मीठ ओढताना कुणी एवढं गप्प नसतं. माझी आई आणि तिच्या मैत्रिणी दिवसभर नवऱ्यांना शिव्या द्यायच्या. त्याशिवाय मीठ हलायचंच नाही."

दिग्दर्शिका डोळे पुसत हसली आणि तिने ते लिहून घेतलं.

"प्रश्न तुझाच चांगला होता," बाहेर आल्यावर मेंग बाई सो-दामला म्हणाल्या. "पण उत्तर ते-रिनकडे होतं. सिनेमा ती करेल."

"विचारलंस मात्र तू," दा-ओनने समजूत घातली. ये-जू हसू दाबत होती.

आणि ते-रिनने सिनेमा कुणावर करायचा ठरवला? मी-रान काकूंवर. काम कोण करणार? मी-रान काकू. आठवड्याभरात ते-रिन दुकानातच मुक्काम ठोकून असल्यासारखी वागू लागली आणि आई भाजी निवडताना वाक्यं पाठ करू लागली. सो-दामने दोनदा मुद्दाम भांडी आपटली. आईने मान वर न करता सांगितलं, "हळू गं. मी पाठ करतेय."

रविवारी रात्री तिघं जेवायला बसली.

"ती ते-रिन बरी पोरगी दिसते," बाबा मासळीच्या आमटीत भात कालवत म्हणाले. "सारखं मी-रान काकू, मी-रान काकू. लग्नानंतर मी हे नाव ऐकलंच नव्हतं."

"ऐकलं नव्हतं नाही, घेतलं नव्हतंत," आई म्हणाली.

सो-दामने चमचा खाली ठेवला. "मी एक ठरवलंय."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"त्या सिनेमात मुलीचं काम मी करणार. दुसऱ्या कुणी तुला आई म्हणायचं नाही. पडद्यावरसुद्धा."

"अगं, पण तिला एकच वाक्य आहे," आई म्हणाली. "'आई, भूक लागली.' आणि तिला नावही नाहीये. ते-रिनने नुसतं 'मी-रानची मुलगी' असं लिहिलंय."

बाबांना ठसका लागला. सो-दामने चमचा पुन्हा उचलला.

"चालेल," तिने जाहीर केलं. "मी मी-रानची मुलगी. दुकानाच्या पाटीवरही उद्यापासून 'मी-रानचं घर' लिहायचं. आणि संत्रं सोलशील ना, तर माझ्या फोडीचेही धागे काढायचे. कॅमेरा नसला तरी."