वर्लीनबाईंच्या पायऱ्या आणि नसलेला कठडा

जे घर बदलण्याची ऐपत घरच्यांना तीन पिढ्या होत नाही, त्याला चौथ्या पिढीत स्थापत्यशास्त्रीय महत्त्व प्राप्त होते. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या लाल मातीत उभे असलेले वर्लीन टॅकेटबाईंचे घर हे याचे आदर्श उदाहरण होय. डावीकडे एक खोली, उजवीकडे एक खोली आणि मधून आरपार उघडा बोळ. (बोळातून वारा जावा अशी मूळ योजना आहे. प्रत्यक्षात कुत्री जातात.)

बाईंची मागणी मात्र अगदीच क्षुल्लक होती. पडवीच्या पायऱ्यांना त्यांना कठडा हवा होता. ईस्टरला त्या वरून थेट अंगणात आल्या होत्या आणि तेव्हापासून रविवारचं चर्च बंद झालं होतं. देव काय, घरीही भेटतो हो, पण चर्चनंतरची तळलेली कोंबडी आणि तिच्याबरोबरच्या गप्पा घरी येत नाहीत. शिवाय शेजारची लोरेटा चर्चमधल्या बाईंच्या बाकावर बसू लागली होती. हे मात्र सहन होण्यासारखं नव्हतं.

भाचा हॉयट लाकूड घेऊन आला, तेवढ्यात जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा समितीचे व्हिटलॉकसाहेब येऊन ठेपले.

"हात लावू नका! इथं कठडा कधीच नव्हता. कठड्याचा अभाव हेच या दर्शनी भागाचं वैशिष्ट्य आहे."

"माझी आजीही याच वैशिष्ट्यावरून पडली होती," बाई म्हणाल्या.

साहेबांनी हे लगेच टिपून घेतलं. पडण्याची परंपरा अखंड असल्याचे सिद्ध झाल्याने घराचे महत्त्व आणखी वाढले.

नियम तसे न्यायी आहेत. पन्नास वर्षं टिकलेलं काहीही ऐतिहासिक धरलं जातं. तेव्हा कठडा पन्नास वर्षांपूर्वीच बसवायला हवा होता, असं साहेबांनी मोठ्या सहानुभूतीनं समजावलं.

"अहो, मग मीही ऐतिहासिकच की! एकोणऐंशी पूर्ण झाली. मला जपा."

समितीने गांभीर्याने विचार करून बाईंना मूळ रचनेचा भाग म्हणून मान्यता दिली. (त्यामुळे गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया अडली. मूळ भाग शक्यतो दुरुस्त करावा, बदलू नये, असा दंडक आहे.)

"मावशी, चुलीत घाल ती समिती. मी ठोकतो," हॉयट म्हणाला.

"थांब रे मेल्या. पायऱ्यांवर माणसं उभी करायला बंदी आहे का, ते बघ आधी."

बंदी नव्हती. आणि माणसं तर आयतीच येत होती! महत्त्व जाहीर झाल्यापासून अटलांटाहून गाड्या भरभरून लोक येत, पडवीकडे पाहून सुस्कारे सोडत आणि "असंच राहू द्या हं!" म्हणत.

पुढच्या रविवारी बाई टोपीबिपी घालून वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

"काय रे बाळा, फार आवडलं ना घर? मग ये, दे खांदा. आणि तू गं, खालच्या पायरीवर. हलू नकोस!"

त्या सकाळी चर्चमध्ये लोरेटाला बाकावरून उठावं लागलं. दुपारी बाईंनी कोंबडीचे दोन तुकडे जास्त खाल्ले.

वाचकहो, आपणही परक्याचं जुनं घर पाहिलं की "काही बदलू नका हो" म्हणता आणि आपल्या घरी लिफ्टनं वर जाता. तिकडे गेलात तर रविवारी सकाळी जा आणि खांदा ताठ ठेवा. समितीने तुमच्या खांद्याची नोंद आधीच करून ठेवली आहे: 'तात्पुरती जोडणी. मूळ वास्तूचे काहीही नुकसान न होता केव्हाही काढून टाकता येते.'