हरिप्रसादरावांचे सीमोल्लंघन

वार्धक्यात मनुष्यापुढे एक धर्मसंकट उभे राहते: देह थकला म्हणून आवडती वस्तू सोडावी, की त्या वस्तूलाच देहाच्या सोयीने बदलून घ्यावे? पहिल्या मार्गास शास्त्रे वैराग्य म्हणतात. दुसऱ्यास शास्त्रांत नाव नाही; परंतु बहुतेक सज्जन त्याच मार्गाने गेलेले दिसतात. तंजावूरच्या राजवाड्यामागील गल्लीत राहणारे हरिप्रसादरावही त्याच मार्गाने गेले आणि, सांगावयास संकोच वाटतो, जाताना आधी मागे गेले.

त्यांची आवडती वस्तू म्हणजे दोन आसनांची, उघड्या माथ्याची, शेवाळी रंगाची एक जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. मायदेशी परतणाऱ्या एका चहामळेवाल्या साहेबाकडून ती त्यांच्या वडिलांनी घेतली होती. हरिप्रसादरावांनी तिच्यावर जेवढे प्रेम केले तेवढे माणसांवर केले असते तर ते नगरपालिकेत निवडून आले असते. परंतु डाव्या गुडघ्याने दगा दिला. क्लच दाबताना त्यांच्या मुखातून जो उद्गार निघे, तो ऐकून रस्त्यावरची गुरे बाजूला होत.

तेव्हा चेन्नईस नोकरी करणारा त्यांचा मुलगा शिवराज म्हणाला, "अप्पा, पापनाशमच्या वाटेवर एक नवीन हॉटेल झालंय. त्यांना ही गाडी दर्शनी दालनात ठेवायची आहे. मान राहील तिचा."

"दालनात ठेवून करणार काय?"

"आत फुलझाडांच्या कुंड्या ठेवतील."

हरिप्रसादराव त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रतिज्ञा केली. विजयादशमीस ते स्वतः गाडी हाकत भुवनेश्वरीबाईंना तिरुवैयारूला नेतील, कावेरीचे दर्शन घडवतील आणि पान मांडण्यापूर्वी परत आणतील. हे साधले तर गाडी घरी राहील; न साधले तर कुंड्या. शिवराजाने मान्य केले. वडिलांच्या गुडघ्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

त्याला ठाऊक नव्हते ते एवढेच, की पापनाशमच्या मुरली मेकॅनिकने हरिप्रसादरावांना एक स्वप्न विकले होते.

"क्लचच काढून टाकू, सार," मुरली म्हणाला होता. "ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घालू. मोडीत निघालेल्या अमेरिकन गाडीचा एक आहे माझ्याकडे. त्यात ओव्हरड्राइव्हसुद्धा आहे."

"म्हणजे काय?"

"लांब रस्त्यावर वेग आला की गाडी पळत राहते आणि इंजिन निवांत फिरतं."

आयुष्यभर कारकुनी करून निवृत्त झालेल्या हरिप्रसादरावांना ही अवस्था मोक्षाच्या फार जवळची वाटली.

गिअरबॉक्स मोठा, गाडीचे पोट लहान. मुरलीने हरिप्रसादरावांच्या दारातच पत्रा कापला, ठोकला, पुन्हा जोडला. क्लचचे पेडल गेले. गिअरच्या जुन्या दांड्याच्या जागी नवा दांडा आला. तो 'डी'वर नेला की पुढे, 'आर'वर नेला की मागे, मध्ये 'एन' म्हणजे विश्रांती. शिवाय मुरलीने आपल्याकडून एक भेट दिली. दांडा 'आर'वर गेला की मागच्या भोंग्यातून एक मंजुळ धून वाजे आणि मागे उभ्या असलेल्यांना सावध करी.

भुवनेश्वरीबाईंचे धाकटे बंधू त्यागराज यांना हा प्रकार मुळीच रुचला नाही. ते पंचांग पाहत, शुद्धाशुद्ध पाहत आणि दोन्ही विषयांवर कोणी न विचारता बोलत.

"भावजी, गाडी बाटली," ते म्हणाले. "इंग्लिश कुळातल्या गाडीच्या पोटात अमेरिकन यंत्र. आता हिला अस्सल कोण म्हणेल?"

"सकाळी काय खाल्लंस, त्यागराज?"

"इडली, सांबार."

"इडली कुणाची?"

"त्यांची, तमिळांची. सांबार मात्र आपलं, तंजावूरच्या मराठ्यांचं," त्यागराज ताठ मानेने म्हणाले.

"तीनशे वर्षं तुझ्या पोटात हा संकर चालू आहे, तरी तुला आम्ही अस्सल म्हणतोच ना?"

त्यागराजांनी विषय बदलला. विषय बदलून ते मुहूर्तावर आले, आणि तिथेच घात झाला.

काम पुरे झाले ते नेमके आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या रात्री. सकाळी मुरली म्हणाला, "एक चक्कर मारून बघतो, सार." त्यागराज आडवे आले. आयुधपूजेस अवजारे देवापुढे ठेवतात. त्या दिवशी त्यांच्याकडून काम घेणे म्हणजे देवास पूजेतून उठवून दळण दळायला लावण्यासारखे. गाडीस गंध लागले होते, हार पडला होता. आता ती हलायची ती विजयादशमीच्या मुहूर्तावर, चाकांपुढच्या लिंबांवरून, पुढच्या दिशेस. त्यापूर्वी एक बोटभरही नाही.

मुरलीलाही ते पटले. त्याचे पाने आणि हातोडे तिकडे पापनाशमला त्याच्या आईने कुंकू लावून देवघरात ठेवले होते, आणि विजयादशमीच्या संध्याकाळपर्यंत तिथून कोणी काही उचलील अशी त्या माउलीची ख्याती नव्हती.

विजयादशमीस दारापुढे मांडव, चार चाकांपुढे चार लिंबे. गल्लीच्या तोंडाशी हॉटेलचा प्रवीणकुमार मालट्रक घेऊन उभा. त्याने जवळ येऊन हातातल्या फितीने गाडीची रुंदी मापली आणि पुटपुटला, "सहा कुंड्या बसतील."

हरिप्रसादरावांनी ते ऐकले. ते नवे धोतर सावरून बसले. शेजारी भुवनेश्वरीबाई, मांडीवर फुलांची परडी. गाडीच्या मागे त्यागराज उभे होते, आणि त्यांच्या मागे सुंडलाचे, म्हणजे नैवेद्याच्या उकडलेल्या हरभऱ्यांचे, भलेमोठे पातेले.

"तिथून बाजूला हो, मामा," शिवराज म्हणाला.

"कशाला? मागे यायची झाली तर गाडी आधी गाऊन सांगेल," त्यागराज म्हणाले. यंत्राची निंदा करणाऱ्यांचा यंत्रावर असा गाढ विश्वास असतो.

इंजिन सुरू झाले. हरिप्रसादरावांनी गणेशाचे स्मरण केले, दांडा 'डी'वर नेला आणि पाय दाबला.

गाडी मागे गेली.

धून वाजली नाही. गाडी मौन पाळून, एखाद्या योग्यासारखी, मागे गेली. हरिप्रसादरावांचा डावा पाय जन्मभराच्या सवयीने क्लच शोधू लागला; तिथे क्लच नव्हता. ब्रेक सापडेपर्यंत मांडवाचा खांब गेला होता, झावळ्या खाली आल्या होत्या, आणि त्यागराज सुंडलाच्या पातेल्यात बसले होते, पूर्ण बसले होते. चारही लिंबे जागच्या जागी टवटवीत होती.

प्रवीणकुमारने मालट्रकची फळी खाली सोडली.

मुहूर्ताला आलेला मुरली गाडीखाली गेला आणि काळवंडून बाहेर आला. "दांड्याची जोडणी उलटी झाली, सार. मधलं घर बरोबर आहे, पुढचं-मागचं उलटं. खोलून लावावं लागेल. पण पाने आईच्या देवघरात."

"म्हणजे संपलं," हरिप्रसादराव हळू आवाजात म्हणाले. त्यांनी स्टिअरिंगवरून असा हात फिरवला, की शिवराजानेही मान वळवली.

भुवनेश्वरीबाई अजून आसनावरच होत्या. परडीतले एक फूलही पडले नव्हते. "अहो, पुढचं घातल्यावर मागे जाते ना ही?"

"हो."

"मग मागचं घाला की. मला कावेरी बघायची आहे."

हरिप्रसादरावांनी दांडा 'आर'वर नेला. मागून मंजुळ धून सुरू झाली. आणि गाडी पुढे निघाली. चार लिंबे एकामागून एक चिरडत, मुहूर्ताच्या आत, शास्त्रोक्त दिशेने.

धून मात्र थांबेना. 'आर' होता तोवर ती वाजणारच. राजवाड्यापासून कावेरीपर्यंत ती अखंड वाजली. एरवी तंजावूरच्या बस पुढच्याच्या मानेवर श्वास सोडत चालतात. त्या दिवशी गाडी कोणत्याही क्षणी मागे येईल या भयाने त्या दूर राहिल्या. प्रत्येक पुलावर हरिप्रसादरावांच्या मागे अशी लांब, अदबशीर रांग होती, की लोकांनी कोणी मठाधिपती जात आहेत असे समजून हात जोडले. ओव्हरड्राइव्ह मात्र काही लागला नाही. पुढे शेवटपर्यंत भाताच्या पेंढ्याचा एक ट्रॅक्टर होता.

तिरुवैयारूत गाण्याचे एक वृद्ध शिक्षक ओट्यावरून उठून आले, डोळे मिटून ऐकते झाले आणि म्हणाले, "गांधार उतरलाय. बाकी साधना चांगली आहे."

भुवनेश्वरीबाईंनी कावेरीत फुले सोडली. तोवर हरिप्रसादरावांनी चाकाखाली धोंडा लावला, कारण दांडा 'पी'वर नेला, म्हणजे गाडी उभी करायचे घर निवडले, की ती उत्साहाने पुढे निघे.

ती दोघे परतली तेव्हा जेवणाची पाने नुकतीच मांडली जात होती. शिवराजाने धून गल्लीबाहेरूनच ऐकली आणि प्रवीणकुमारला निरोप दिला. सहा कुंड्या रिकाम्या हाताने परत गेल्या.

"उद्या येऊन दांडा सरळ करतो, सार," मुरली म्हणाला.

"खबरदार," त्यागराज म्हणाले. ते धोतर बदलून आले होते, तरी कानामागे एक हरभरा राहिला होता. "ज्या रूपात मुहूर्त लाभला ते रूप मोडायचं नाही. आता हेच अस्सल."

हरिप्रसादरावांनी प्रथमच मेहुण्याचे म्हणणे मानले. गाडी अजून तशीच आहे. पुढे जाताना ती गात जाते, आणि राजवाड्याच्या परिसरात तिला सारे वाट देतात. मागे येताना मात्र ती अगदी गप्प असते. म्हणून जे तिच्यात बसतात त्यांना दीर्घायुष्य लाभो, त्यांचे गुडघे सुखात राहोत. आणि जे तिच्या मागे विश्वासाने उभे राहतात, त्यांचे परमेश्वर रक्षण करो.