हळद निघाली टर्बोवर

"ही गाडी नाही, वाघ आहे वाघ!" उदयने गल्लीत जाहीर केलं. तेव्हा वाघाच्या पोटाखाली एक मांजर झोपलं होतं आणि वाघाचं ऑइल त्याच्या शेपटीवर ठिबकत होतं.

उदय म्हणजे नवघरच्या काशीनाथ मंडपवाल्यांचा थोरला. बांबू आणि खुर्च्या वाहून थकलेली डिझेल पिकअप काशीनाथरावांनी बाजूला काढली. उदयने ती मागून घेतली आणि वर्षभर तिच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून बसला. मोठा टर्बो बसवला, धुराचं नळकांडं केबिनच्या मागे आभाळाकडे उभं केलं, वजन कमी व्हावं म्हणून हौद्यातलं स्टेपनीचं चाकसुद्धा काढून टाकलं. येत्या रविवारी पनवेलच्या पुढे ड्रॅग रेस होती. सरळ रस्ता, दोन गाड्या, आधी पोचेल ती जिंकली!

काशीनाथरावांना रेसचं कौतुक शून्य. "परागचं लग्न झालं की भंगारवाला येतोय," ते म्हणाले. पराग म्हणजे उदयचा धाकटा भाऊ. "वर्षभरात या गाडीने सुईसुद्धा इकडची तिकडे नेली नाही. एक काम करून दाखव, ठेवतो."

उदयने छाती ठोकली. "उद्या परागची उष्टी हळद मी पोचवतो चेण्याला! टेस्टिंगपण होईल."

नवऱ्या मुलाची उष्टी हळद आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. म्हणजे चेण्याला, नवरीच्या गावी, रसिका पाटावर, सगळं गाव मंडपात आणि सगळ्यांचा जीव उदयच्या क्लचवर!

दुसऱ्या दिवशी वाघ डरकाळी फोडून उठला. मागची चाकं गरगर फिरली, रबराचा वास सुटला आणि गाडी होती तिथेच राहिली.

"हे काय?" काशीनाथरावांनी विचारलं.

"हौदा रिकामा आहे ना बाबा, चाकं रस्ता धरत नाहीत. मागे वजन पाहिजे." बोलता बोलता उदयची नजर जायला नको तिथे, म्हणजे इंदूआत्यांवर गेली.

"मग सरळ सांग की! लाजतोस काय मेल्या?" आत्या हळदीची वाटी सांभाळत हौद्यात चढल्या. पाठोपाठ नटलेल्या करवल्याही चढल्या. गाडीचं बूड खाली टेकलं आणि चाकांनी इमानाने रस्ता धरला. काशीनाथराव पुढे उदयशेजारी बसले, परीक्षकासारखे.

घोडबंदर रस्त्यावर नेहमीचं ट्रॅफिक. वाघ गोगलगायीच्या चालीने सरकायला लागला आणि नळकांड्यातून काळा धूर ओकायला लागला. शेजारचा रिक्षावाला घाबरून ओरडला, "भाई, गाडी में आग लगी है!"

"आग नहीं, टर्बो है!"

"जो भी है, बुझाओ!"

"चालत गेलो असतो तर एव्हाना जेवून परत आलो असतो," काशीनाथराव म्हणाले.

हे उदयला झोंबलं. आणि नेमका तेव्हाच चेण्याचा फाटा आला. समोर सरळ, मोकळा रस्ता, चिटपाखरू नाही. पार टोकाला नवरीकडचा मंडप.

"बाबा, धरून बसा!"

"काय धरू—"

वाघ सुटला! काशीनाथराव सीटला चिकटले. मागून करवल्यांची एकच किंकाळी आली आणि मग सगळं चिडीचूप. उदय आनंदाने बेभान झाला होता. वर्षभराची मेहनत पळत होती, नुसती पळत नव्हती, उडत होती! मंडपापाशी त्याने ब्रेक मारला. बेंजोवाल्यांनी वाजवायचं थांबवलं.

सगळे हौद्याकडे बघत होते. उदयनेही वळून पाहिलं. वाटीतली हळद उधळून सगळ्यांच्या तोंडांवर बसली होती आणि त्या ओल्या हळदीवर डिझेलचा धूर चिकटला होता. हौद्यात ओळीने काळ्या-पिवळ्या टॅक्सी बसल्या होत्या.

"व्याही, हलद कुठं हाय?" रसिकाचे वडील आत्माराम पुढे आले.

काशीनाथरावांनी मुकाट्याने करवल्यांकडे बोट दाखवलं.

"ही काली हलद माझे पोरीला न्हाय लावायची!" नवरीची आई चंपाबाई कडाडल्या.

मंडपातून रसिका मान वाकडी करून बघत होती, तिचा चेहरा रडवेला झालेला. काशीनाथराव हळूच म्हणाले, "भंगारवाल्याला फोन लाव. आत्ताच."

तेवढ्यात हौद्यातून आवाज आला, "कशाला गळे काढताय? वाटी उडाली, मूठ नाही उडाली!"

आत्यांनी उजवी मूठ उघडली. आत लिंबाएवढा हळदीचा गोळा, स्वच्छ, पिवळाधमक! वाटी हातातून सुटताना त्यांनी जे हाताला लागलं ते घट्ट धरून ठेवलं होतं. उदयला वाटलं, आत्यांना उचलून नाचावं, पण ते टर्बोलाही जमलं नसतं.

रसिकाला हळद लागली. बेंजो दुप्पट जोरात सुरू झाला. करवल्या तशाच काळ्या-पिवळ्या तोंडांनी नाचल्या आणि चेणेकरांना तो नवघरचा खास रिवाज वाटला. पोरं तर पिकअपभोवती हटेनात. "काका, धूर काढा ना, धूर!"

निघताना काशीनाथराव उदयच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "भंगारवाला रद्द. गाडी राहील."

उदयला भरून आलं. "खरंच, बाबा?"

"मग! आत्मारामच्या पुतण्याची हळद आहे, त्यांना हीच गाडी हवी. धुरासकट. मी सुपारी घेतली. रविवारची."

"रविवारी? बाबा, रविवारी माझी रेस आहे!"

"मग जा की! तुला कोण अडवतंय?" काशीनाथराव म्हणाले. "नाक्यावरून शेअर रिक्षा पकड."