हिरव्या पायांची मित्सी

बायकोला मदत करायची, असं मी ठरवलं. (चूक एवढीच. पुढचं आपोआप घडत गेलं.)

नोव्हेंबरात आमच्या गावच्या सभागृहात कोंबड्यांचं प्रदर्शन भरतं. यंदा माझ्या बायकोची, वाल्बुर्गाची, मित्सी त्यात होती. मित्सी आमच्या भागातल्याच अस्सल झुल्मटालर जातीची: गव्हाळ पिसं, डोक्यावर झुबकेदार शेंडी, पांढरे पाय. अंडी भरपूर देते, आणि अंगानं अशी भरलेली की पाहुणा आधी तिच्याकडे बघतो, मग आमच्याकडे. पण गावानं आता नुसती अंडी देणाऱ्या मरतुकड्या कोंबड्या आणल्यात. मित्सीला 'उत्तम' शेरा मिळाला तर लोक आपली जात पुन्हा पाळतील, एवढीच वाल्बुर्गाची आस.

आदल्या दिवशी तिनं मित्सीला न्हाऊमाखू घातलं. सकाळी म्हणाली, "गॉटफ्रीड, हिच्या पायांना जरा तेल चोळ. चमकले पाहिजेत."

आता ऑस्ट्रियातल्या आमच्या स्टायरिया प्रांतात माणसाला तेल म्हटलं की एकच तेल आठवतं, भोपळ्याच्या बियांचं. काळपट हिरवं. मी सढळ हातानं चोळलं. खुराड्यातल्या अंधारात पाय चमकत होते, हे मात्र खरं.

सभागृहातल्या दिव्याखाली वाल्बुर्गानं टोपलीचं झाकण उघडलं आणि मटकन खाली बसली.

"हे काय केलंस?"

"तेल लावलं. तूच म्हणालीस ना?"

"अरे, पेटीत बिनरंगाचं ठेवलं होतं. कोंबडी आहे ती, सॅलड नाही."

पुसायला वेळच नव्हता. परीक्षक प्रासल समोर येऊन उभे राहिले. त्यांनी मित्सीला उचललं, छाती चाचपली, शेंडी फुलवून पाहिली, खूश झाले. मग पाय पाहिले.

"या जातीला हिरवे पाय चालत नाहीत, बाई."

वाल्बुर्गाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, पाय पांढरेच आहेत," मी म्हणालो. "हिरवे मी केलेत."

प्रासलनी पायावरून बोट फिरवलं, हुंगलं. "कुठल्या गिरणीचं?"

"गिरणी गावातलीच. बिया घरच्या."

त्यांनी खिशातून पाव काढला, तुकडा मोडून दोन्ही पाय हळूच पुसले, आणि डोळे मिटून तो तुकडा खाल्ला. पाय लख्ख पांढरे.

"तेल उत्तम," ते म्हणाले. "कोंबडीही उत्तम."

शेजारच्या तिघीजणींनी लगेच वसंतातल्या पिल्लांसाठी आपली नावं नोंदवली. वाल्बुर्गा रडता रडता हसत होती. मला भरून आलं; आभार मानायला मी परीक्षकांपुढे हात केला.

त्यांनी माझ्या हिरव्यागार पंजाकडे पाहिलं, पावाचा आणखी एक तुकडा मोडला आणि त्यानं माझा पंजाही नीट पुसून काढला.

तो तुकडा मात्र त्यांनी खाल्ला नाही.