फाउंडेशन बोल्टवरचा ब्लाउज

लहानू मेश्राम उतईला गेला होता भाच्याच्या साक्षगंधाला, आणि परत आला तो ऑटोत जुनी शिलाई मशीन घालून. अंगावर गंजाचा थर, पायडल वाकडं आणि चाकात उंदराचं घरटं. "काय देखणी हाय!" असं तो वाटभर ऑटोवाल्याला सांगत होता. (ऑटोवाल्याने घरट्याकडे पाहून मान हलवली.)

घरात अशा चार म्हाताऱ्या आधीच होत्या. एकीवर टीव्ही, एकीवर मसाल्याचे डबे, तिसरी संडासाच्या वाटेत, आणि चौथीला वळसा घातल्याशिवाय पलंगावर चढता येत नसे. लहानू पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर. जुनी मशीन आणायची, खोलायची, रॉकेलने धुवायची, चालू करायची आणि तिच्यावर काहीतरी शिवायचं, हा त्याचा शौक. शिवण मात्र उशीच्या खोळीपुढे कधी गेलं नव्हतं.

शालूने, म्हणजे बायकोने, कमरेवर हात ठेवले. "आता घरात मशिनी राहतीन का आपन?"

"शालू, एकदा हिले फिरू दे, मंग पाय!"

"पायतेच. भीमजयंतीले मी सफेद साडी नेसनार हाय. ब्लाउज तुमी शिवा. अंगाले बसला तर साऱ्या मशिनी राहतीन. नाई बसला तर साऱ्याच्या साऱ्या सुपेल्याच्या कबाडीवाल्याले!" कापड आणि मापाचा ब्लाउज टेबलावर आपटून ती राजनांदगावला बहिणीकडे निघून गेली.

लहानूने मापाचा ब्लाउज उलटसुलट करून पाहिला. पण हातात पाना-पेचकस आला आणि तो सगळं विसरला. खोलली, धुतली, घासली, तेल पाजलं, पायडल सरळ केलं. आणि चाक फिरलं! खट खट खट खट! "करिष्मा, चालू झाली वं!" तो इतक्या जोरात ओरडला की पोरगी ब्रश तोंडात धरूनच धावत आली.

एकच खोट होती. मशीन धावायला लागली की स्टँडसकट चालत सुटायची. आता प्लांटात उभा जन्म काढलेल्या माणसाला हलणाऱ्या मशिनीवर एकच इलाज माहीत असतो.

"हिले फाउंडेशन पायजे!"

घरात मोकळी जागा उरली होती ती फक्त भिंतीतल्या अलमारीपुढची. लहानूने सपाटी पाहायची लेव्हल लावली, फरशीला भोकं पाडली, स्टँडच्या पायांतून बोल्ट गाडले आणि सिमेंट कालवून भरलं.

"पप्पा, वो अलमारी..."

"बीच में मत बोल. लेव्हल पाहून राहिलो."

"पप्पा, खुलेगी कैसे..."

"पानी मार त्या सिमेंटावर!"

सिमेंट आवळलं. मशीन अशी धावली की काय सांगावं! शिलाई रुळासारखी सरळ. मापाचा ब्लाउज टेपने मोजमोजून त्याने नवा शिवून काढला. शेजारच्या रामाजीने दोन्ही हातांनी स्टँड गदागदा हलवून पाहिलं. "हलत नाई गड्या!"

"घर पडन, पन मशीन सरकनार नाई," लहानू म्हणाला, आणि आनंदाच्या भरात रामाजीला दोनदा चहा पाजला.

जयंतीच्या सकाळी शालू परतली. ब्लाउज घातला. हुक लागले. हात वर केले, खाली केले, आरशात पाठ पाहिली.

"बसला वं माय!" शालूच म्हणाली.

लहानूने चारही म्हाताऱ्यांना हात लावून पाचवीचा मुकाच घेतला. जिंकला गडी! शालूही हसली. "थांबा, साडी काढते," म्हणत तिने अलमारीची किल्ली फिरवली. दार चार बोटं उघडलं आणि मशिनीवर आपटलं. ठण्ण!

"हिले जराशी सरकवा."

"सरकत नाई," लहानू अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"कावून?"

"फाउंडेशन केलं."

"मैं तब से वही बोल रही थी!" करिष्मा म्हणाली.

बाहेर रॅलीचा ढोल वाजायला लागला. करिष्माने बारीक हात फटीत घालून आईची साडी कशीबशी ओढली. लहानूचा सफेद कुर्ता मात्र मागे हँगरला होता. ओढाओढीत त्याची एक बाही तेवढी बाहेर आली. अखेर दोरीवर वाळणारा प्लांटचा युनिफॉर्म चढवून तो निघाला.

रॅलीत जो तो पांढराशुभ्र. बायका शालूभोवती जमल्या. "जय भीम! काय फिटिंग हाय वं! कोनी शिवला?" मागून चालणाऱ्या लहानूची छाती फुगली.

प्लांटच्या कॉलनीतल्या दुसऱ्या सेक्टरच्या जयाबाईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "आन हे ड्युटीच्या कपड्यातले कोन व्हय?"

"तेच टेलर," शालू मागे न पाहता म्हणाली. "मशीन फरशीतून निघत नाई, म्हनून त्यायलेबी ठेवून घेतलं."